त्यांनी सांगून ठेवलं होतं

रविवार, १७ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असाल असं धरून चालते. भावोजींचा गुडघा कसा आहे? तुझी चिमणी आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला ना? अभ्यास करते, की अजून पुस्तकावर गाल ठेवून झोपतेच?

पत्र बघून दचकू नकोस. कुणालाही काही झालेलं नाही. फोन का केला नाही म्हणशील, तर मी फोन केला की तुझं दूध उतू जातं. मी 'हॅलो' म्हणायचा अवकाश, की 'अगं, दूध ठेवलंय, नंतर करते' म्हणून तू ठेवून देतेस, आणि ते नंतर काही उगवत नाही. गेल्या दीड वर्षात तुमच्या घरात इतकं दूध उतू गेलंय, की गल्लीतल्या मांजरी तुमच्याकडे राहायला आल्या असतील. म्हणून पत्र. गॅस बंद करून आलीस तरी ते तुझी वाट बघत टेबलावर पडलेलं असेल.

इकडे सगळं छान. आमचा लिफ्टवाला नवरा सध्या एका उंच इमारतीची जुनी लिफ्ट दुरुस्त करतोय. संध्याकाळी अंगाला ग्रीसचा वास घेऊन येतो आणि दाराशीच उभा राहून कोपरापर्यंत हात धुतो. एवढे हात तर त्याने लग्नाआधी आपल्याकडे पहिल्यांदा जेवायला आला तेव्हाही धुतले नव्हते. सासरेबुवांनी बाल्कनीत टोमॅटो लावलेत. दोन आले. दोन्ही मी खाल्ले, आणि दोन्ही वेळा ते समोर बसून मी कशी चावते ते बघत होते. डायलिसिसच्या दिवसांत टोमॅटो मला बंद होता, हे त्यांच्या लक्षात होतं.

किडनीचं ऑपरेशन झाल्याचं तुला कळलंच आहे. भावोजी हॉस्पिटलात येऊन गेले, काचेपलीकडून हात हलवला, तू शिवलेली मऊ उशी नर्सकडे दिली आणि 'तिला जरा बरं नव्हतं, नाहीतर आलीच असती' असं म्हणाले. खोकला आला की ती उशी मी पोटाशी घट्ट धरायचे, म्हणजे टाके ओढले जात नसत. नर्स म्हणाली, 'ज्यांनी शिवलीय त्यांनी फार विचार करून शिवलीय.' मी म्हटलं, 'बहीण आहे माझी.'

पण ते सगळं कसं घडलं हे तुला कुणी सांगितलेलं नाही, आणि तू विचारलेलंही नाहीस. तेच आज सांगायला बसलेय. मध्येच उठून जाऊ नकोस.

डायलिसिस तू पाहिलंयस. आठवड्यातून तीनदा मशीनला हात जोडून द्यायचा आणि रक्त धुऊन परत घ्यायचं. पण तहान तू पाहिली नाहीस. ती दिसत नाही. किडन्या बंद पडल्या की लघवी थांबते, आणि लघवी थांबली की पाणीही मोजूनमापून. दिवसभराला एक छोटी बाटली. आणि माझं काम काय, तर पोरांना पोहायला शिकवणं! समोर निळंशार पाणी, पोरं त्यात डुंबताहेत, नाकातोंडात गेलेलं थुंकताहेत, आणि मी काठावर उभी. तोंडात शिट्टी, जीभ टाळूला चिकटलेली. एकदा एका मुलीने विचारलं, 'बाई, तुम्ही कधीच पाण्यात का येत नाही? तुम्हाला पोहता येत नाही का?' मी म्हटलं, 'येतं गं, पण मी आत आले तर अर्धा तलाव पिऊन टाकीन.' ती बिचारी त्यानंतर कितीतरी दिवस माझ्यावर एक डोळा ठेवून पोहत होती.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त पोस्टमन असायचे. मी त्यांना काका म्हणायचे. सुई टोचताना ते नर्सला रोज एकच विनोद सांगायचे आणि ती रोज हसायची. किडनीच्या यादीत ते माझ्याही आधीपासून होते. म्हणायचे, 'जन्मभर लोकांची पत्रं पोचवली, आता माझंच कुठल्या पेटीत अडकलंय कोण जाणे.' एके दिवशी त्यांच्या खुर्चीवर दुसरंच कुणी बसलं होतं. मी विचारलं नाही. त्या खोलीत तसं कुणी विचारत नाही. घरी आले. लिफ्टवाल्याने जेवण वाढलं, मी ते तसंच सरकवलं, आणि त्याला काय समजायचं ते समजलं.

पहिल्यांदा फोन आला तो गेल्या पावसाळ्यात. हॉस्पिटलात यादीचं काम बघणाऱ्या बाई आहेत, त्यांचा. 'एक किडनी मिळण्याची शक्यता आहे. काही खाऊ नका, लगेच या.' आम्ही कसे गेलो ते विचारू नकोस. लिफ्टवाल्याने दोन वेगवेगळे बूट घातले होते. मला हिरवा गाऊन घालून बसवलं, रक्त घेतलं आणि सांगितलं, थांबा.

थांबून थांबून पाय अवघडले म्हणून मी जरा बाहेर फिरायला गेले. पलीकडच्या वळणावर एक बाई बाकावर बसली होती. माझ्याच वयाची. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत पुरुषाचे बूट. भोवती पाचसहा नातेवाईक. एकजण म्हणत होता, 'त्याने हो म्हटलं असतं.' दुसरा म्हणत होता, 'तुला कसं माहीत? तुझ्याशी बोलला होता?' एक म्हातारे गृहस्थ नुसते 'नको, नको' करत होते. आणि ती बाई पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, 'मला कसं माहीत असणार? हा विषय आमच्याकडे कधी निघालाच नाही. मला का विचारता सगळे?'

ताई, मी तिथून पळाले. माझा हिरवा गाऊन तिला दिसू नये म्हणून भिंतीला चिकटून पळाले.

तेच घर होतं की दुसरं, ते मला अजून माहीत नाही. सांगतही नाहीत. थोड्या वेळाने यादीच्या बाई आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, 'आज नाही होणार. घरच्यांचा निर्णय होऊ शकला नाही.' 'नाही म्हणाले का?' लिफ्टवाल्याने विचारलं. त्या म्हणाल्या, 'त्यांच्या माणसाला काय हवं होतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. अशा वेळी माणसं नाही म्हणतात. त्यांचं चुकत नाही हो. तो काय विचार करायचा क्षण असतो का?'

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला ते पिशवीतले बूटच दिसत होते.

परत येताना त्याच्या कामाच्या व्हॅनमध्ये मी त्याला विचारलं, 'समज, मी त्या आतल्या खोलीत असते. मेंदू संपलाय, मशीनवर श्वास चाललाय. आणि तुला येऊन विचारलं असतं, तर तू काय सांगितलं असतंस?'

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मागच्याने हॉर्न मारला. मग तो म्हणाला, 'माहीत नाही. मी म्हटलं असतं, थांबा, तिला विचारून सांगतो.'

'अरे, पण मीच...'

'तेच ना.'

आणि मग आम्ही दोघं हसायला लागलो. हसता हसता त्याने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. एवढ्या वर्षांत मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्याची किडनी मिळावी म्हणून मी इतके दिवस यादीत बसले होते, पण माझं काय करायचं, त्याचं काय करायचं, यावर आम्ही एका शब्दाने बोललो नव्हतो. माझ्या किडन्या कुचकामी, हे खरं. पण डोळे आहेत, कातडी आहे. त्याच्याकडे तर सगळा मालच चालू स्थितीत आहे.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आम्ही दोघांनी फोनवरच अवयवदानाची नोंद केली. चहा गाळून ठेवला होता तो गार व्हायच्या आत झालं. नाव, जन्मतारीख, काय काय द्यायचं, घरातल्या कुणाला सांगितलंय. त्या शेवटच्या प्रश्नाशी मी थांबले. हॉस्पिटलातल्या बाईंनी मला बजावलं होतं: नोंद केली तरी त्या वेळी घरच्यांना विचारतातच, तेव्हा नुसती नोंद करून गप्प बसू नका, घरात मोठ्याने सांगा.

म्हणून मी सासरेबुवांना हाक मारली आणि मोठ्याने सांगितलं. ते चिडले. 'घरात आजारी माणूस आहे आणि हे कसले अभद्र विषय काढता? मला आपलं अख्खं जाऊ द्या. एक नट काढलेला मला चालणार नाही.' लिफ्टवाला म्हणाला, 'बाबा, तुम्हाला कुणी काही विचारलेलंच नाही.' ते आणखी चिडले, पेपर उचलून बाल्कनीत गेले. दोन दिवस टोमॅटोशीच बोलत होते. तिसऱ्या दिवशी मला एकटीला गाठून हळूच म्हणाले, 'माझ्या वयाचं काही चालतं का गं?' मी म्हटलं, 'डोळे चालतात.' 'एवढ्या जाड चष्म्याचे?' 'चष्मा असला तरी चालतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा तेवढा घेतात.' त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 'मग बघा बुवा कुणाला उपयोगी पडत असतील तर. पण चष्मा देऊ नका, फ्रेम नवी आहे.'

दुसरा फोन आला तो भर दुपारी, तलावावर. लहान पोरांचा वर्ग चालू होता. सगळी कठड्याला धरून पाय मारत होती आणि माझ्या अंगावर पाणी उडवत होती. जीवरक्षक धावत माझा फोन घेऊन आला. मी ऐकलं, 'येते' म्हटलं, आणि फोन त्याच्याच हातात दिला. पाण्यात पोरं असताना काठ सोडायचा नाही, हे इतकं अंगात मुरलंय. शिट्टी वाजवली, एकेकाला वर काढलं, डोकी मोजली, टॉवेल गुंडाळले, आणि मग त्या जीवरक्षकाने मला धरून खुर्चीवर बसवलं. लिफ्टवाला कुठल्याशा लिफ्टच्या छतावर उभा होता. तिथूनच ओरडला म्हणे, 'मला खाली घ्या!'

या वेळी थांबावं लागलं नाही. मी यादीच्या बाईंना घाबरत घाबरत विचारलं, 'घरचे... पुन्हा बदलणार नाहीत ना?' त्या म्हणाल्या, 'नाव-गाव मला सांगता येत नाही. इतकंच सांगते. त्या गृहस्थांनी नोंद केली होती आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आम्ही विचारायला गेलो तर त्यांच्या मुलीने आमचं वाक्यच पुरं होऊ दिलं नाही. म्हणाली, हो, बाबांनी सांगून ठेवलंय. काय काय घेता येईल ते सगळं घ्या.'

मी भुलीच्या खोलीत गेले ती त्या मुलीचा विचार करत. तिच्यावर किती मोठं संकट कोसळलं होतं. पण बापाने जाण्याआधी एक काम करून ठेवलं होतं: त्या दिवशी तिला कुणी 'तुला काय वाटतं' असं विचारणार नव्हतं. तिला फक्त त्याचं म्हणणं पोचवायचं होतं.

शुद्धीवर आले तेव्हा नर्सने लघवीची पिशवी उजेडात धरली होती. 'बघा!' म्हणाली. मी बघितलं. लिफ्टवाला काचेला नाक लावून बघत होता. ताई, माणसं बाळ झाल्यावर जसं बघतात तसं आम्ही तिघं त्या पिशवीकडे बघत होतो. पिवळंधमक. माझं स्वतःचं. डॉक्टर म्हणाले, लघवी ऑपरेशनच्या टेबलावरच सुरू झाली होती. आता माझ्या पोटात तीन किडन्या आहेत. जुन्या दोन काढत नाहीत, राहू देतात, घरातल्या कामाला न येणाऱ्या जुन्या फर्निचरसारख्या. तिसरी खाली उजव्या बाजूला आहे. कधीकधी मी तिच्यावर हात ठेवते. तिला 'पाहुणी' म्हणते. लिफ्टवाला म्हणतो, पाहुणी कसली, आता तीच घर चालवतेय.

आनंद झालाय, पण तो निर्मळ होत नाही. कुठेतरी एक घर आहे, तिथे एक खुर्ची रिकामी आहे. गोळ्या वेळेवर घेते, मास्क लावते, बाहेरचं खात नाही. एवढंच माझ्या हातात आहे.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. इतकी पानं त्याच्याभोवतीच फिरतेय.

तुझी साखर वाढलेली नव्हती, ताई.

त्या दिवशी तुझी किडनी मला देण्यासाठीच्या सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या. तारीख ठरली होती. तू डॉक्टरांशी एकटीने बोलायला आत गेलीस आणि बाहेर येऊन म्हणालीस, 'साखर वाढलीय गं, मी नाही चालणार.' लहानपणापासून तू खोटं बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीस, कानाकडे बघतेस. त्या दिवशी तू माझ्या उजव्या कानाशी बोललीस. मला तेव्हाच कळलं. दीड वर्षं कळलेलं आहे.

आणि मला काय वाटलं ते ऐक. कारण तुला ते माहीतच नाही, आणि त्याच्याऐवजी तू काहीतरी भलतंच धरून बसलीयस. मला हायसं वाटलं. देवाशपथ. इतकं हायसं वाटलं की मी तुझ्या गळ्यात पडून रडले, आणि तू समजलीस की मी निराश होऊन रडतेय.

बोटातून रक्त काढलं तरी घेरी येणारी तू. हो म्हटल्यापासून तुझा चेहरा राखेसारखा झाला होता. जेवत नव्हतीस, चिमणीचे कपडे आवरून ठेवत होतीस, कपाटाच्या चाव्या कुठे असतात ते भावोजींना सांगत होतीस. मला सगळं कळत होतं. तुला काही झालं असतं तर? आणि काही झालं नसतं, तरी मग जन्मभर मी तुझ्याशी भांडायचं कसं? किडनी दिलेल्या बहिणीला 'तू फार बोलतेस' असं म्हणता येतं का? मला माझी ताई हवी होती, जिच्याशी मी दार आपटून भांडू शकते. ती मला परत मिळाली त्या दिवशी. आणि दुसऱ्याच दिवसापासून ती यायची बंद झाली.

मी बोलले नाही, कारण 'मला माहीत आहे' म्हटलं तर तू जमिनीत गेली असतीस. वाटलं, थोडे दिवस जाऊ देत. ते दिवस असे वाढत गेले.

तू घाबरलीस. माणसं घाबरतात. जिवंतपणी पोट उघडून घ्यायला घाबरू नये तर कशाला घाबरावं? त्यासाठी माझ्यापासून तोंड लपवायची गरज नाही. तुझी मी कधीच वाट बघत नव्हते, म्हणजे तुझ्या किडनीची. तुझी बघत होते.

आणि एक सुचवते. पटलं तर कर, माझ्यासाठी मुळीच करू नकोस. नोंद कर. भावोजींना आणि चिमणीला समोर बसवून सांग. ही एक अशी गोष्ट आहे, जिच्यात सुरीला घाबरणाऱ्यालाही देता येतं. त्या वेळी दुखत नाही, घेरी येत नाही. धैर्य लागतं ते एवढंच, की चालत्या-बोलत्या घरात हा विषय काढायचा. मला ज्यांची मिळाली ते शूर होते की माझ्या ताईसारखे भित्रे, हे मला कधीच कळणार नाही. त्यांनी सांगून ठेवलं होतं, एवढंच कळलंय.

भावोजींना नमस्कार, चिमणीला गालगुच्चा. उत्तर पाठव किंवा नको पाठवूस, पण मनातून ते ओझं आता खाली ठेव. ते तुझं नव्हतंच.

तुझ्यावर एक दिवसही न रागावलेली,
धाकटी


शुक्रवार, २९ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आमच्याकडे सगळे ठीक. गुडघा तसाच.

तुझं पत्र मी उभ्याने वाचायला घेतलं आणि जमिनीवर बसून संपवलं. मग दार लावून पुन्हा वाचलं. उत्तराला इतके दिवस लागले, कारण आधी इथलं निस्तरायचं होतं. ते तुला माहीत नाही. तुला वाटतंय तू सगळं ओळखलंस, पण अर्धंच ओळखलंस.

तुझ्या भावोजींनाही मी साखरच सांगितली होती.

त्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले होते, 'तुमच्या मनात नसेल तर नका देऊ. कारण आम्ही सांगू, तपासणीत बसत नाही म्हणू, कुणाला कळणार नाही.' किती चांगला माणूस. पण मला घाई. बाहेर आल्यावर तुझा चेहरा बघून तोंडातून साखर निघून गेली. आणि मग ती निस्तरता येईना. साखर वाढलीय म्हणून ह्यांनी त्याच संध्याकाळी घरातला साखरेचा डबा शेजाऱ्यांना देऊन टाकला. दीड वर्षं, अगं! दीड वर्षं मी बिनसाखरेचा चहा पितेय, आणि माझ्या जोडीला म्हणून हेही पिताहेत. चिमणीच्या वाढदिवसाला मी केकचा तुकडा घेतला तर ह्यांनी हातातून काढून घेतला. पहाटे मला फिरायला नेतात. ह्यांचा गुडघा त्यानेच गेला.

तुझं पत्र आलं त्यानंतरच्या रविवारी मी दोघांना टेबलाशी बसवलं. म्हटलं, मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. पहिली सांगितली. हे उठले, चपला घातल्या, बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. चिमणी माझा हात धरून बसली होती. थोड्या वेळाने परत आले ते साखरेची पिशवी घेऊन. तीन चमचे घालून चहा केला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, 'मला का नाही सांगितलंस? मी तर तुझ्याहून जास्त घाबरलो होतो. तुझी साखर वाढली हे ऐकून मी देवळाच्या दिशेने हात जोडले होते. दीड वर्षं मला वाटतंय, बायकोच्या आजाराचा आनंद झाला असा मी किती नीच माणूस.'

म्हणजे बघ. तू हायसं वाटून गप्प, मी लाजून गप्प, हे हायसं वाटल्याची लाज वाटून गप्प.

मग दुसरी गोष्ट सांगायला घेतली. चिमणीच म्हणाली, 'आई, नोंदीचं ना? मी कॉलेजात कधीच केलीय. तुला सांगायची भीती वाटत होती.' मी म्हटलं, 'अगं, मग सांगून ठेवलं नाहीस तर त्याचा उपयोग काय?' तुझंच वाक्य तिच्यावर फेकलं. मग तिनेच आमची दोघांची करून दिली. मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, 'माझं सगळं द्या. पण आधी मी गेलेय याची नीट खात्री करून घ्या.' हे म्हणाले, 'त्यात काय, तू बोलायची थांबलीस की कळेलच.'

हसलो आम्ही. या विषयावर घरात हसणं होईल असं मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. रात्री अंथरुणावर पडले तेव्हा वाटलं, आता माझं जे काही आहे ते कुणाच्या तरी वाटेवर आहे. मला भीती नाही वाटली. तुझ्या त्या गृहस्थांची मुलगी डोळ्यांसमोर आली. उद्या चिमणीला कुणी विचारायला आलं, तर तिलाही वाक्य पुरं होऊ द्यावं लागणार नाही.

मी बुधवारच्या बसने येतेय. एकटीच. हे सोडायला येतो म्हणत होते, मी नको म्हटलं. हात धुऊन, मास्क लावून, तुझ्या सगळ्या नियमांत राहीन. लिफ्टवाल्याला सांग, माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस.

आणि मला तुझा तो व्रण बघायचाय. डोकं गरगरलं तर खुर्ची जवळ ठेव. पण बघणार आहे.

डोळ्यांत बघून लिहितेय,
तुझी ताई